गरम पडणारी गोळी

मे महिन्यात नागपुरात जो माणूस आपण होऊन शेगडीजवळ बसतो, त्याला एकतर वेड लागलेलं असतं किंवा घरच्यांनी छळलेलं असतं, असं लकडगंजातल्या बायकांचं ठाम मत होतं. रुख्मिणीबाईंची सून गोपिका भर उन्हाळ्यात, बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना, भुशाच्या शेगडीला पाठ लावून आणि अंगाभोवती वाकळ लपेटून बसायची. त्यामुळे त्या घरात छळ नेमका कोण कुणाचा करतं, यावर गल्लीत दोन पक्ष पडले होते.

रुख्मिणीबाईंना दोन्ही पक्षांची खबर होती. त्यांना सगळ्याचीच खबर असायची. नवरा अकाली गेल्यावर त्यांनी तीन लेकरं एकटीने वाढवली, दोन मुली उजवल्या, आणि मधुसूदन हा मुलगा आरामशीनवर लाकडाची मापं घ्यायच्या कामाला लागला तेव्हा कुठे जमिनीवर पाठ टेकली. बाई फटकळ. कुणाचं ऐकून घेतील ही गोष्टच नव्हे. स्वतःवर त्यांचा फार विश्वास, आणि तो असायला कारणही होतं, कारण आजवर त्या फारशा चुकल्या नव्हत्या. हेच पुढे नडलं.

गोपिका लग्न होऊन आली तेव्हा अशी नव्हती. काटोलकडच्या खेड्यातली पोर, चार वर्षांची असताना आई गेलेली, काकाच्या घरी वाढलेली. काकूने तिला जेवू घातलं, पण वाढताना कधी विचारलं नाही, आणखी पाहिजे का म्हणून. इथे पहिल्याच दिवशी रुख्मिणीबाईंनी तिच्या ताटात न विचारता दुसरी भाकर टाकली, तर ही बया ताटाकडे बघून रडायला लागली. रुख्मिणीबाई तिच्यावर खेकसल्या, पण मनात विरघळल्या. मग दोन वर्षं ती पोर घरभर भिंगरीसारखी फिरली. तिचा आवाज गोड होता. अंगण झाडताना काहीबाही गुणगुणायची आणि शेजारची जिजाबाईसुद्धा हातातलं काम थांबवून ऐकायची. जिजाबाईने गप्प ऐकणं ही काही साधी गोष्ट नव्हती, तिचं तोंड कधी थांबत नसे.

तिसऱ्या वर्षी दिवस राहिले आणि तिसऱ्या महिन्यात पोट पडलं. होतं एखादीला तसं, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. पण त्यानंतर गोपिका बदलत गेली. सकाळी उठवेना. कणीक भिजवता भिजवता परातीवर मान पडायची. चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला, डोळ्यांखाली पिशव्या आल्या, केस फणीत झुपकेच्या झुपके यायला लागले. आवाज जाड झाला, इतका की एकदा दाराआडून बोलली तर मधुसूदनला वाटलं कुणी पुरुष आला आहे. काही विचारलं की उत्तर यायला वेळ लागायचा. दूध उतू गेलेलं तिच्या समोर, आणि ती बघत बसलेली. आणि सदा सर्वकाळ थंडी.

रुख्मिणीबाईंनी पहिलं वर्षभर तिला फाडून खाल्लं, हे लपवण्यात अर्थ नाही. आळशी, झोपाळू, बसून खाऊन म्हशीवानी सुटली, असं सगळं बोलून झालं. गोपिका ऐकून घ्यायची, आणि दिवसभरानंतर केव्हातरी हळूच सासूला म्हणायची, "मले काय होऊन राहिलं, मलेच समजत नाई, आत्याबाई." जिजाबाईने तर मधुसूदनसाठी दुसरी मुलगीसुद्धा बघून ठेवली होती.

मग एक दिवस रुख्मिणीबाईंनी सुनेला रंगेहाथ पकडायचं ठरवलं. ही चोरून खाते, त्याशिवाय एवढी सुटणार नाही, असा त्यांचा हिशेब. आठ दिवस त्यांनी टोपल्यातल्या भाकरी मोजल्या, डब्यातला गूळ बोटाने खूण करून ठेवला. आठव्या दिवशी कळलं की ही पोर दिवसभरात दीड भाकरीवर जगते आहे, आणि उरलेली अर्धी सासूच्या ताटात सारते आहे. रुख्मिणीबाई चुलीपुढे तशाच बसून राहिल्या. वर्षभर आपण आजारी माणसाला शिव्या घातल्या, हे एकदम त्यांच्या ध्यानात आलं. त्या दिवसापासून गोपिकेविरुद्ध कुणी ब्र काढायची सोय राहिली नाही. जिजाबाई दुसरेपणाच्या मुलीचं नाव घेऊन आली, तर तिला चहासुद्धा न देता वाटेला लावलं.

त्यानंतर औषधांची जी रांग लागली ती मोठी आहे. महाल भागातल्या वैद्यांचा काढा झाला, शक्तीची लाल बाटली झाली, कमरेत इंजेक्शनं झाली. एकाने सांगितलं, रक्त कमी आहे. दुसऱ्याने सांगितलं, मनाला लावून घेतलं आहे, मूल झालं की बरी होईल. म्हणजे मूल झालं की बरी होणार, आणि बरी झाल्याशिवाय मूल होणार नाही. शेवटी त्र्याहत्तर साली आरामशीनच्या मालकाने धरमपेठेतल्या डॉ. खानझोड्यांचं नाव सुचवलं. रुख्मिणीबाई सुनेला घेऊन स्वतः गेल्या.

खानझोडे मोजकं बोलणारे. त्यांनी गोपिकेला नाव विचारलं आणि ती सांगेपर्यंत शांत बसून राहिले, जणू त्यांना नावापेक्षा आवाज ऐकायचा होता. मागे उभं राहून तिचा गळा दोन्ही हातांच्या बोटांनी चाचपला, घोटभर पाणी गिळायला लावलं. मग तिला खुर्चीवर गुडघे टेकून, पावलं बाहेर लोंबती ठेवून बसवलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी हलकेच मारली. पाऊल झटकन हललं, पण परत जागेवर यायला मात्र त्याने आपला वेळ घेतला. डॉक्टरांनी पुन्हा मारली. पुन्हा तसंच. ते रुख्मिणीबाईंकडे वळून म्हणाले, सासूबाई, ही आळशी नाही.

रुख्मिणीबाईंना तिथल्या तिथे रडू फुटलं. त्यांनी ते पदराने दाबलं.

रक्त मुंबईला गेलं, तीन आठवड्यांनी कागद आला. आजाराचं नाव जपानी निघालं, हाशिमोटो. गळ्यात थायरॉईड म्हणून एक गाठ असते, तिच्यातून निघणाऱ्या रसावर सगळं अंग चालतं. हिचं शरीर त्या गाठीलाच परकं समजून खात सुटलं आहे, असं डॉक्टरांनी उलगडून सांगितलं. तो रस आता गोळीतून द्यायचा. रोज सकाळी अनशापोटी, जन्मभर. बरं वाटलं तरी बंद करायची नाही, आणि दिवस राहिले तर लगेच मला येऊन सांगायचं, हे त्यांनी दोनदा बजावलं. जन्मभराची गोळी ही गोष्ट रुख्मिणीबाईंच्या गळी उतरेना, पण त्या दिवशी त्यांनी डॉक्टरांपुढे मान डोलावली.

गोळीने दीड महिन्यात किमया केली. आधी वाकळ गेली. मग चेहऱ्यावरची सूज उतरली आणि आतून पहिली गोपिका वर आली. वैशाखात तिच्या कपाळावर घाम आला तेव्हा रुख्मिणीबाईंनी तो बोटाने निपटून मधुसूदनला दाखवला, पाह्य, पाह्य म्हणून. पहिलं वर्ष त्या स्वतः पहाटे तिला गोळी देत, मग ती आपली आपण घ्यायला लागली. आवाज मोकळा झाला. अंगण झाडताना पुन्हा गुणगुणणं सुरू झालं, आणि रुख्मिणीबाई आत तांदूळ निवडता निवडता उगाचच नाक शिंकरत बसल्या.

मात्र एक गोष्ट त्यांनी मनात टिपून ठेवली. जी गोळी थंडगार पडलेल्या पोरीच्या अंगाला घाम आणते, छाती धडधडवते, ती गोळी गरमच असली पाहिजे.

पंचाहत्तरच्या पावसाळ्यात गोपिकेला दिवस राहिले. लग्नानंतर सात वर्षांनी. तिने ते सगळ्यांत आधी सासूला सांगितलं, नवऱ्याला नंतर. रुख्मिणीबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि घराचा कारभार आपल्या हातात घेतला. पपई बंद. तीळ बंद. जवसाची चटणी, बाजरी, गुळाचा चहा, सगळं गरम पडणारं बंद. त्यांच्या आईने त्यांच्या वेळी हेच केलं होतं आणि तीन धडधाकट लेकरं झाली होती. आणि तिसरा महिना सरेपर्यंत ही बातमी उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही, कुणाची नजर लागते. आधीच्या वेळी जिजाबाईला कळलं होतं आणि काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. उंबऱ्याबाहेर म्हणजे धरमपेठही आलीच.

सगळं गरम बंद केल्यावर सगळ्यांत गरम वस्तू घरात तशीच ठेवायची हे त्यांच्या बुद्धीला पटणारं नव्हतं. एका सकाळी त्यांनी गोळ्यांची बाटली फळीवरून उचलली.

"आता हे घेऊ नोको वं," त्या म्हणाल्या. "लेकराले गरम पडते. बाळंत झाली की घेजो."

गोपिका पाण्याचा पेला हातात धरून उभी होती. डॉक्टरांनी बंद करू नका म्हटलं होतं ना, असं ती चाचरत म्हणाली. डॉक्टरला किती बाळंतपणं झाली, असं रुख्मिणीबाईंनी विचारलं आणि स्वतःच हसल्या. गोपिकाही हसली. तिने पेला खाली ठेवला. बाटली रुख्मिणीबाईंच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीखाली गेली.

हे त्यांनी दुष्टाव्याने केलं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. पण त्या दिवसांत त्या पोरीला त्यांनी जेवढं जपलं तेवढं पोटच्या मुलींनाही जपलं नव्हतं. नळावरून पाणी स्वतः आणलं. तिच्या केसांना तेल लावलं, उशाशी बसून तिचे तळवे चोळले. मधुसूदनने एकदा जेवताना विचारलं, गोळ्या चालू आहेत ना. रुख्मिणीबाई म्हणाल्या, मी पाहून राहिली ना. बायकांच्या गोष्टीत पुरुषाने नाक खुपसू नये, म्हणून एवढं छोटंसं खोटं. गोपिका ताटाकडे बघत राहिली.

दिवाळीच्या सुमारास तिला पुन्हा झोप यायला लागली. पोटुशीला झोप येतेच. पाय सुजले, तेही पोटुशीचे सुजतातच. तपासणीला जवळच्या सूतिकागृहात नाव घातलं होतं, तिथल्या नर्सबाईंनी पोट चाचपून रक्त वाढायच्या लाल गोळ्या दिल्या आणि सगळं ठीक आहे म्हणाल्या; दुसरी काही गोळी चालू होती का, हे ना त्यांनी विचारलं ना कुणी सांगितलं. एका सकाळी गोपिका शाल लपेटून शेगडीजवळ येऊन बसली. रुख्मिणीबाईंनी तिच्या हाताला हात लावला तर हात थंड. त्यांना आनंद झाला. खरंच आनंद झाला. अंगातली गरमी उतरली, लेकरू आता सुखात असेल, असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या. पुढे आयुष्यभर त्यांना बाकी कशापेक्षाही तो आनंद जास्त छळत राहिला.

पाचव्या महिन्यात ओटी भरायची आणि मग धरमपेठेला पेढे घेऊन जायचं, असं ठरलं होतं. हिरवं लुगडं आणलेलं होतं. ओटीच्या चार दिवस आधी, दुपारी, गोपिकेच्या पोटात कळा सुरू झाल्या. दवाखान्यात पोचेपर्यंत रिक्षाची गादी भिजली होती. मुलगी होती. रुख्मिणीबाईंनी तिला पाहिलं. हाताची बोटं वेगवेगळी झालेली होती. सुनेला दाखवू नका असं त्यांनी आयाला सांगितलं, आणि गोपिकेने मागितलंही नाही.

बारा दिवसांनी तिघं खानझोड्यांकडे गेली. गोपिकेला पाहताच डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. पुन्हा तो गळा चाचपणं, पुन्हा ती टाचेवरची हातोडी, आणि पुन्हा ते जागेवर यायला कंटाळलेलं पाऊल. गोळी किती दिवसांपासून बंद आहे, असं त्यांनी थेट विचारलं. मधुसूदनने आईकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, यामुळेच बाळ गेलं असं मी शपथेवर सांगणार नाही, पण गोळी चालू असती तर दोघींनाही बळ मिळालं असतं. कुणी बंद केली?

रुख्मिणीबाईंची जी जीभ उभ्या जन्मात कुणापुढे अडली नव्हती ती नेमकी तिथे अडली, आणि त्या एका क्षणाची संधी निघून गेली. कारण गोपिका बोलली होती.

"मीच विसरत गेली, डॉक्टरसाहेब," तिचा आवाज पुन्हा जाड झाला होता. "आत्याबाई आठवण करून देत होत्या. मी हो म्हणायची अन् विसरायची."

या आजारात विसरायला होतंच, त्यामुळे डॉक्टरांना ते सहज पटलं. त्यांनी सुस्कारा टाकला आणि नवी चिठ्ठी लिहिली. परतीच्या वाटेवर सीताबर्डीला उतरून मधुसूदनने औषध घेतलं, बाटली गोपिकेच्या हातात न देता आईच्या हातात दिली आणि म्हणाला, "हिच्या भरोशावर नोको ठेवू, माय."

त्यानंतर घरात त्याने बायकोशी बोलणं टाकलं. भांडला नाही, हात उगारला नाही, तो तसला माणूसच नव्हता. फक्त ती वाढायला आली की मान खाली घालायचा. जिजाबाईने गल्लीत सांगून टाकलं की सासूने जिवाचं रान केलं, पण सुनेला गोळी गिळण्याचंसुद्धा भान नाही. अशी सासू सात जन्म मिळायची नाही. नळावर बायका रुख्मिणीबाईंना पुढे नंबर द्यायला लागल्या.

आठ दिवस रुख्मिणीबाईंनी हे सहन केलं. नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, मधुसूदन दाढी करत बसला असताना त्या त्याच्यासमोर जाऊन बसल्या. ट्रंकेतून काढलेली जुनी बाटली जमिनीवर ठेवली. अर्ध्याहून जास्त भरलेली होती. त्यांनी सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. गोळी मी बंद केली. तुला खोटं सांगितलं. डॉक्टरांपुढे माझी दातखीळ बसली. तुझं लेकरू माझ्या हातून गेलं.

मधुसूदनने वस्तरा खाली ठेवला. त्याने आईकडे बघितलं, आणि त्याचे डोळे भरून आले.

"तू तिच्यासाठी एवढं करशील हे मले माहीत हाय, माय," तो म्हणाला. "पन तिचं खापर आपल्या डोक्यावर नोको फोडून घेऊ. मी काई तिले टाकून देऊन राहिलो नाई."

त्यांनी देवाची शपथ घेतली. बाटली त्याच्या हातात कोंबली. तो ती उलटीपालटी करून म्हणाला, तिच्या फळीवरून उचलून तूच ट्रंकेत ठेवली असशील, मी रागावू नये म्हणून. भाकरी मोजायच्या वेळेपासून तू तिला पाठीशी घालते आहेस. रुख्मिणीबाईंनी गोपिकेला हाक मारली. तूच सांग वं, खरं काय ते, असं त्या अक्षरशः हात जोडून म्हणाल्या. गोपिका दारात येऊन उभी राहिली, तिने दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

"मीच विसरली होती," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

मधुसूदन कामाला गेल्यासारखा बाहेर पडला, रविवार असून. रुख्मिणीबाई आतल्या खोलीत गेल्या. गोपिका तांदूळ निवडत होती. त्या तिच्यासमोर बसल्या आणि तिचं मनगट धरलं. काहून, एवढंच त्यांना विचारता आलं. तू खोटं काहून बोलली वं.

गोपिकेने पुष्कळ वेळ उत्तर दिलं नाही. आजाराने उशीर होत होता की दुसऱ्या कशाने, ते सांगता येत नाही.

"सगळंच खोटं कुठं बोलली मी, आत्याबाई," ती शेवटी म्हणाली. "गोळी तुमी बंद केली, पन घेतली नाई ते मीच ना. ट्रंकेले कुलूप कुठं होतं? थंडी वाजाले लागली तवाच मले समजलं होतं. मी विसरली नाई. रोज सकाळी मले आठवत होतं."

"मंग काहून नाई घेतली?"

"तुमी माझे पाय चोळत होत्या," गोपिका म्हणाली. "मले वाटलं, मी गोळी घेतली अन् तुमाले समजलं, तं तुमी चोळणं बंद कराल."

रुख्मिणीबाईंच्या हातातून तिचं मनगट सुटलं. गोपिकेने सुपातला एक खडा बाहेर टाकला आणि दुसरा शोधायला लागली.